नरहरकाकांची वरची फळी

"दार लोटून घ्या. नलू येतेय," काकू आतून म्हणाल्या.

"येऊ दे की. ती कुणाशी बोलत नाही, म्हणून तर मला चालते."

मी व्हरांड्याच्या पायरीवर चपला काढत होते. नरहरकाकांचं ते वाक्य कानावर पडलं आणि मला बरं वाटलं. शाळेत, लग्नकार्यात, नातेवाइकांत माझं न बोलणं हा काळजीचा विषय असायचा. "घुमी आहे," कुणी म्हणायचं. "इंग्रजी शाळेनं शिष्ट केली," दुसरं कुणी म्हणायचं. इथे एका माणसाला मी नेमक्या त्याच कारणासाठी चालत होते.

आत गेले तेव्हा काका चटईवर बसले होते. मांडीवर एक जुना अंक, हातात कात्री, आणि चटईवर नखाएवढे कागदाचे त्रिकोण सांडलेले. मला पाहून त्यांनी ते तळहाताने एका बाजूला सारले.

"कसर लागली होती कोपऱ्यांना," ते म्हणाले. "हात धुतलेस?"

हा त्यांचा नमस्कार होता. त्यांच्या घरी कुणीही आलं, अगदी व्याही आले तरी, आधी हा प्रश्न. व्हरांड्याच्या कोपऱ्यात तांब्या, घंगाळ आणि खुंटीला पंचा कायम असायचा. हात धुतले की कोरडे करायचे, मग ते पालथे-सुलथे करून काकांना दाखवायचे. हळदीचा पिवळा डाग दिसला की, "तुम्ही नुसतं बघा, हात नको." चहा समोरच्या खोलीत कधी आला नाही. तो मागे स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून प्यायचा.

समोरच्या खोलीत मासिकं होती. मराठी मासिकं, जमतील तितकी जुनी. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर पुठ्ठ्यात बांधलेले वर्षावर्षाचे संच. वेखंडाचा आणि कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास त्या खोलीला होता. काका बांधणी स्वतः करायचे. कणकेच्या खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे किडे लागत नाहीत, आणि मग दिवसभर त्यांची बोटं हिरवट दिसायची. जेवताना काकू त्यांना चमचा द्यायच्या. "विष खायची हौस असली तर माझ्या मागे खा," असं म्हणून द्यायच्या.

बरकतपुऱ्यात आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत ते राहायचे. सरकारी दप्तरात होते, त्यामुळे सगळे त्यांना दप्तरदार म्हणायचे. तिथलं काम सगळं उर्दूतून. "दिवसभर उजवीकडून डावीकडे लिहितो, संध्याकाळी डावीकडून उजवीकडे वाचतो. मान सरळ राहते," ते म्हणायचे. साहेबांशी बोलताना त्यांची उर्दू इतकी अदबशीर असायची की घरी आल्यावरही थोडा वेळ उतरायची नाही. काकूंना, "जरा पाणी इनायत करा," असं म्हणायचे आणि काकू, "हौ जनाब," म्हणून तांब्या आपटायच्या.

कुणाच्या तब्येतीची चौकशी त्यांना जमत नसे. कुणी म्हणालं, आमच्याकडे आजोबांच्या वेळचे दोन-चार अंक पडलेत, की काकांचा चेहरा बदलायचा. "कोणत्या सालचे? मुखपृष्ठ आहे का? जाहिरातीची पानं फाडली नाहीत ना?" जाहिरातींवर त्यांचा फार जीव. बांधणीवाले जाहिराती आणि मुखपृष्ठं काढून टाकतात, म्हणून त्यांनी आयुष्यात एकाही बांधणीवाल्याला संच दिला नाही.

हिमायतनगरला त्यांच्या दप्तरातले एक गृहस्थ वारले, तेव्हा काका आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, भेटायला गेले होते. परत आल्यावर अण्णांनी सांगितलेली हकीकत आमच्या घरी बरीच वर्षं हसायला पुरली. काका त्या बाईंसमोर बसले, खरोखर रडले. मग डोळे पुसता पुसता त्यांची नजर आतल्या कपाटाकडे गेली. कपाटाच्या फळीवर डब्यांखाली एका जुन्या अंकाची पानं अंथरली होती. काकांनी दोन-तीनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "वहिनी, तो तुरीच्या डाळीचा डबा जरा उचलू का?" बाई गोंधळल्या, हो म्हणाल्या. काकांनी सगळे डबे खाली काढले, पानं सोडवली, स्वतःचं उपरणं पसरून त्यावर डबे परत लावून दिले, आणि बिनउपरण्याचे घरी आले. एका अपुऱ्या वर्षाच्या संचातला हरवलेला महिना त्यांना मिळाला होता.

"त्यांना तो कशाला हवा होता?" ते अण्णांना म्हणाले. "वस्तू ज्याला सांभाळता येते त्याची."

अण्णा हसले. मीही हसले होते.

माझी आई मी लहान असताना गेली. त्यानंतर घरात अण्णा आणि मी, अण्णा वकील असूनही दोघंही कमी बोलणारे. शाळेत इंग्रजी, बाजारात दखनी, भांडीवालीशी तेलुगू. मराठी फक्त कानाला सवयीची, आणि वाचायची म्हटली की बोट ठेवून, जोडाक्षरापाशी अडखळत. अण्णांना याची लाज वाटायची. काकांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. अण्णांनी मला त्यांच्याकडे नेऊन उभं केलं. "हिला वाचायला शिकवा, ती तुम्हाला वाचून दाखवेल."

"आमच्या मेमसाहेब का?" काका म्हणाले. "बोट ठेवून वाचतेस? ठेव. पण पानाला लागू द्यायचं नाही. वर धर, माशी बसायच्या बेतात असते तसं."

मी तशी वाचायला शिकले. बोट ओळीच्या वर तरंगत. काका डोळे मिटून, भिंतीला टेकून ऐकायचे. चुकलं तर रागवत नसत, तो शब्द स्वतः शांतपणे म्हणायचे आणि पुढे चल म्हणून बोट हलवायचे. रागवायचे एकाच गोष्टीवर. वाक्याच्या शेवटी माझा आवाज पडायचा. "शेवटचा शब्द गिळतेस. लेखकानं लिहिलाय तो. पुरा म्हण." एखादा जुना संच हवा असला की ते स्टुलावर चढायचे आणि मी स्टूल धरायची. त्याचा एक पाय आखूड होता, डुगडुगायचा. वरची फळी दुसऱ्या कुणासाठी उघडत नसे. काकूंनाही ते स्टूल धरायला बोलवत नसत. मला बोलवत.

त्यांच्याइतकी माया मला त्या दिवसांत कुणी दाखवली नाही. हे आधी सांगून ठेवते.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात बाहेरून येणाऱ्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर झेंडा आला. आमच्या संस्थानात तो उघड लावायची सोय नव्हती. ओळखीच्या एका रेल्वे गार्डाने गादीच्या गुंडाळीतून काकांना तसा एक अंक आणून दिला. काकांनी दार लावून मला तो दाखवला आणि लगेच वरच्या फळीवर, जुन्या संचांच्या मागे ठेवला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यापर्यंत गावात वेगळंच वातावरण झालं. जिल्ह्यांतून वाईट बातम्या यायच्या. काचीगुड्याच्या स्टेशनावर ट्रंका आणि वळकट्या घेतलेली माणसं दिसायची. कुणी सोलापूरला निघालं, कुणी नागपूरला. जे जे निघाले त्यांनी घरातली पुस्तकं आणि अंक काकांकडे आणून ठेवले. सरकारी दप्तरातला माणूस, साहेबांची मर्जी असलेला, त्याच्या घराची झडती होणार नाही, असा सगळ्यांचा हिशेब. शिवाय कागद सांभाळावा तर नरहररावांनीच, हे सगळ्या गावाला माहीत.

आम्हीही सोलापूरला आत्याकडे निघालो. अण्णांनी आईची पेटी काकांच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली. तिच्यात एका स्त्रियांच्या मासिकाचे अंक होते. आई ते नियमाने मागवायची. गोष्टी वाचायचीच, पण तिचा खरा डोळा भरतकामाच्या पानावर असायचा. नक्षी आवडली की ती ते पान कापडावर ठेवून सुईने रेषेवरून बारीक बारीक टोचायची. मग निळीत घासलेट कालवून कापसाच्या बोळ्याने वरून फिरवायची. पान उचललं की खाली कापडावर निळ्या ठिपक्यांचा मोर उभा. मी शेजारी बसून ते पान उचलायची वाट बघायची.

"पेटीला हात लावणार नाही," काका मला म्हणाले. "तू आलीस की तूच उघड."

पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, आणि थंडीत आम्ही परत आलो. सामान अजून सोडायचं होतं, तेवढ्यात पहिल्याच सकाळी काका आमच्याकडे आले. खुर्चीवर बसले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. पाणी मागितलं. मी तांब्या-भांडं दिलं. एक घोट घेऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"वकीलसाहेब, तोंड दाखवायला जागा नाही. शेवटच्या दिवसांत आमच्या गल्लीतही झडत्या आल्या. कुणाचं नाव सापडू नये म्हणून, ज्याच्यावर नाव होतं ते सगळं बंबात घातलं. माझ्या हातांनी."

अण्णा उठले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही सुखरूप आहात ना? मग झालं. कागदच होते ते."

काकांचे डोळे भरले. ज्या माणसाने कधी एक जाहिरात फाडली नाही त्याला बंबापुढे बसून अंक जाळावे लागले, याचंच मला जास्त वाईट वाटलं. आईच्या अंकांसाठी मी आतल्या खोलीत जाऊन रडले, पण त्यांच्यापुढे नाही. त्यांना आणखी त्रास नको म्हणून.

आणि मी पुन्हा त्यांच्याकडे वाचायला जाऊ लागले. आता त्यांना जवळचं फार कमी दिसायचं. अक्षरं पुसट दिसतात म्हणायचे, पण बांधणीचं काम सवयीच्या हातांनी चालूच होतं. कोपरे कापायचे, खळ लावायची, नवे पुठ्ठे. काकू मात्र बदलल्या होत्या. मी निघाले की हातावर काहीतरी ठेवायच्या, लाडू, चकली, आणि माझ्याकडे न बघता आत जायच्या.

एकदा काकांनी वरच्या फळीवरून काढून वाचायला एक जाड हिरवा संच दिला. त्यातली अर्धी पानं तेलाने अशी भिजून वाळली होती की मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसत. वाचताना मी सारखी अडखळत होते. खोलीत करडईच्या तेलाचा खवट वास सुटला.

"कुण्या अडाण्यानं अंकाशेजारी बरणी ठेवली असणार," काका चिडून म्हणाले. "असल्या लोकांच्या घरी अंक द्यायचा म्हणजे पाप आहे." मग माझा त्रासलेला चेहरा त्यांना जाणवला असावा. "बरं, ते राहू दे. तुला एक सुरेख गोष्ट देतो."

मी स्टूल धरलं. त्यांनी वरच्या फळीवरून चाचपून निळ्या पुठ्ठ्याचा एक संच काढला. नवा पुठ्ठा, खळीचा वास अजून ओला. मधलं कुठलं तरी पान सांगितलं. मी उलटत गेले. गोष्टीच्या आधीचं पान भरतकामाचं होतं. वेल, आणि वेलीवर दोन चिमण्या समोरासमोर. बोट वर धरायची माझी सवय होती, पण त्या दिवशी कसं कोण जाणे, बोट पानाला लागलं. पान खरखरीत होतं.

काका डोळे मिटून बसले होते. मी ते पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. बारीक बारीक भोकांतून उजेड आला. वेल आली, दोन चिमण्या आल्या. आणि वेलीच्या टोकाशी, जिथे छापलेलं काहीच नव्हतं, तिथे तिसरी चिमणी उजेडाने काढलेली दिसली. लहान, चोच वर केलेली.

माझ्या लहानपणीच्या पांढऱ्या फ्रॉकच्या गळ्याशी तीन चिमण्या होत्या. दोन मोठ्या आणि एक लहान. तिसरी कुठून आणलीस म्हणून मी विचारलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, "तू नको का?"

पानाचा वरचा कोपरा तिरका कापलेला होता. तिथे आई नाव घालायची.

"थांबलीस का?" काका म्हणाले.

"काका, हा संच कुठून मिळाला?"

मी कधी काही विचारत नसे. त्यामुळे त्यांनी डोळे उघडले. पण उत्तराला त्यांना वेळ लागला नाही.

"हा? जामबागेतल्या एका मास्तरणीनं दिला. नागपूरला भावाकडे गेली कायमची. जाताना म्हणाली, दप्तरदार, तुमच्याकडे राहील तर चांगला राहील." ते हसले. "तुझ्या आईकडेही हेच मासिक होतं, नाही का? तिला फार आवडायचं. आज असती तर ऐकायला बसली असती."

मी गोष्ट वाचली. पूर्ण वाचली. कशावर होती ते आठवत नाही. शेवटचा शब्द गिळला नाही, एवढं आठवतं, कारण काका "शाबास" म्हणाले. निघताना काकू दारात लाडू घेऊन उभ्या होत्या. मी घेतला नाही. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा हात तसाच पुढे राहिला.

घरी मी अण्णांना सांगितलं नाही. अण्णा त्यांना शब्द ऐकवणार नाहीत, उलट आतल्या आत मोडतील, हे मला ठाऊक होतं. शाळेतल्या कुठल्याही मुलीने असं केलं असतं तर मला तिचा राग आला असता, आणि राग सोपा असतो. इथे ज्या भाषेत रागवायचं ती भाषाच त्यांनी मला दिलेली होती. मी जात राहिले. तो संच तिथे आहे आणि मी गेले नाही तर तो मला पुन्हा दिसणार नाही, म्हणून गेले. आणि काका कधीतरी स्वतः सांगतील, असंही मला वाटत होतं. ते मात्र पूर्वीसारखेच होते. हात धुतलेस, वाच, शाबास, स्टूल धर. ते माझ्यापासून काही लपवत असल्यासारखे वागतच नव्हते. ती पोरगी बोलत नाही, हे त्यांनी एकदा ठरवून टाकलं होतं. मग माझ्यापासून लपवायचं कशासाठी? वरच्या फळीवर जे असेल ते मी बघावं, स्टूल धरावं आणि घरी जावं.

मग एका दुपारी किसनराव आले.

किसनराव परभणीकडचे शेतकरी. जमिनीचा दावा इथल्या कोर्टात होता, त्यामुळे वर्षातले काही महिने ते काचीगुड्याला खोली घेऊन राहायचे. दावा लांबत गेला तसे मासिकं वाचायला लागले. अण्णांच्या अशिलांपैकीच ते, मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. त्या गडबडीच्या उन्हाळ्यात गावी जाताना त्यांनीही काकांकडे पेटी ठेवली होती.

"रामराम दप्तरदार. नलूताई, तुमी बी हितंच? बरं झालं." त्यांनी न सांगता हात धुतले, काकांना दाखवले आणि चटईच्या कडेला बसले. "आमच्या गावची साळा मराठी झाली आता. मास्तर आला नवा. म्हनला, पोरांना वाचायला कायतरी पायजे, पुस्तकं तर येनार कवा कुनाला ठाव. म्हनलं, थांब की, माजी आख्खी पेटी हाय बरकतपुऱ्यात. बैलगाडी टेशनावर बोलवून ठेवलीय, परवा उतरलो की थेट साळंत."

काका भिंतीला टेकून बसले होते. सरळ झाले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"पाणी आणा जरा," ते आत बघून म्हणाले.

काकूंनी तांब्या-भांडं आणलं. एक घोट घेऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"किसनराव, तोंड दाखवायला जागा नाही हो. आमच्या गल्लीत झडत्या आल्या..."

पुढचे शब्द मला पाठ होते. बंब आला. माझ्या हातांनी, हेही आलं. त्यांचे डोळे भरून आले, आमच्याकडे आले होते तसेच. किसनराव मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी हात पुढे करून काकांच्या गुडघ्याला लावला.

"जाऊ द्या, दप्तरदार. तुमी काय मुद्दाम केलं? जीव वाचला, लई झालं." ते हसायचा प्रयत्न करत होते. "तसं बी त्यातलं निम्मं माज्या करडीच्या तेलानं चिकट झालतं. बरणी फुटली न्हवं का पेटीत. पोरं हसली असती, म्हनली असती, किसन्यानं तळून आनलं वाचायला. मास्तरला सांगतो मी कायतरी."

ते उठायला लागले. बाहेर व्हरांड्यात त्यांनी पेटी बांधायला आणलेली सुतळीची गुंडी ठेवली होती, ती त्यांनी उचलली आणि खिशात कोंबली.

काकू दारात उभ्या होत्या, रिकामं भांडं हातात. त्या माझ्याकडे बघत होत्या. काका बघत नव्हते. त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवायला घेतली होती. त्यांच्या बोटांना मोरचुदाचा हिरवट रंग होता. मोतीबिंदूवाले डोळे खिडकीतल्या उजेडाकडे लागलेले, आणि चेहऱ्यावर एक मोठं काम निर्विघ्न उरकल्याचा थकवा. त्यांना मी असं शेवटचं पाहिलं.

मी उठले आणि भिंतीशी जाऊन स्टूल ओढलं. त्याच्या आखूड पायाचा आवाज झाला. काकांचा टोपीचा हात तसाच थांबला.

मला मोठ्याने बोलायची सवय फक्त वाचताना होती. म्हणून मी वाचल्यासारखं, सावकाश, शेवटचा शब्द न गिळता म्हणाले, "किसनकाका, बसा. जाळलेले नाहीत. तुमचे वरच्या फळीवर आहेत, हिरव्या पुठ्ठ्यात, आणि त्यांच्या शेजारी निळ्या पुठ्ठ्यात माझ्या आईचे. तुम्ही चढा. स्टूल मी धरते."